अफगाण माणसाला परदेशात आश्रय मिळणं इतकं अवघड का?

अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाची कायदेशीर अडचण देश सोडण्याआधीच सुरू होते. 'माझ्या जिवाला धोका आहे, मला तुमच्याकडे घ्या' असा वकिलातीत अर्ज करायचा, व्हिसा घ्यायचा आणि विमानात बसायचं, अशी सोय जवळजवळ कुठेच नाही. पर्यटनाला व्हिसा आहे, शिक्षणाला आहे, नोकरीला आहे. जीव वाचवण्यासाठी व्हिसा देण्याचं बंधन मात्र निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारानं कोणावरच घातलेलं नाही. आश्रय मागायचा हक्क मिळतो तो त्या देशात पाय ठेवल्यावर, आणि पाय ठेवायला व्हिसा लागतो. हा माणूस तिथे जाऊन आश्रय मागेल अशी अधिकाऱ्याला नुसती शंका आली, तरी तो पर्यटनाचा व्हिसा नाकारू शकतो. युरोप-अमेरिकेत व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे अडवण्याचं काम चेक-इन काउंटरवरच उरकलं जातं.

पुढचा बराचसा गुंता या एका गाठीतून निघतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबाननं काबूल घेतलं आणि पाश्चात्त्य देशांच्या वकिलाती तिथून उठल्या. म्हणजे अर्ज करायला खिडकीसुद्धा उरली नाही. व्हिसाच्या मुलाखतीसाठी इस्लामाबादला किंवा तेहरानला जायचं, आणि तिथे जायला पुन्हा पाकिस्तानचा किंवा इराणचा व्हिसा. ज्यांना हे जमत नाही ते तस्करांच्या हवाली होतात : इराण, तिथून तुर्कस्तान, मग बोटीनं ग्रीस. ब्राझीलनं सप्टेंबर २०२१ पासून अफगाणांसाठी मानवतावादी व्हिसा सुरू केला, हा ठळक अपवाद. त्यातलेही कित्येक जण साओ पावलोला उतरून पुढे पायी आणि बसनं, कोलंबिया-पनामाच्या मधलं दारिएनचं जंगल ओलांडून अमेरिकेच्या सीमेपर्यंत गेले. सोयीच्या व्हिसाचा रस्ता शेवटी जंगलातूनच गेला.

बेकायदा आलेल्या माणसाला आश्रय मागता येतो का? येतो. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३१ सांगतं, की धोक्याच्या प्रदेशातून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. ते लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, की पळणाऱ्याच्या हातात कागद नसतात. पण सरकारं 'थेट' या शब्दावर बोट ठेवतात. वाटेत चार देश लागले, मग थेट कसा आलास? अफगाणिस्तानला समुद्रकिनाराच नाही. तिथून निघालेला माणूस पायी किंवा गाडीनं कोणत्याही पाश्चात्त्य देशात 'थेट' पोचणार तरी कसा, याचं उत्तर कोणी देत नाही.

कायदा विचारतो : तुम्हीच का?

आपण सहज म्हणून जातो, की तिथे एवढी वाईट परिस्थिती आहे, मग आश्रय मिळायलाच हवा. कायदा तसा चालत नाही. किती हाल झाले हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, कशामुळे. १९५१ चा करार आणि त्याला जोडून आलेला १९६७ चा प्रोटोकॉल पाच कारणं मानतात : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचा घटक असणं आणि राजकीय मत. छळाची भीती साधार हवी, आणि ती यापैकी एखाद्या कारणाशी जोडलेली हवी.

हे निकष चार माणसांना लावून पाहा. परदेशी फौजांसाठी दुभाष्याचं काम केलेला तरुण : तालिबान त्याला शत्रूचा माणूस मानतं, म्हणजे राजकीय मताचं कारण लागू होतं. हजारा समाजातला शिया माणूस : वंश आणि धर्म दोन्ही. काबूलमध्ये न्यायाधीश असलेली बाई : राजकीय मत, सामाजिक गट आणि तिचं बाई असणं. आणि चौथा, अफगाणिस्तानातल्या घोर नावाच्या प्रांतातला शेतकरी. सलग दुष्काळानं त्याची जमीन गेली, जनावरं गेली, घरात पीठ नाही. चौघांत सगळ्यात उपाशी तोच असेल, पण करारातल्या व्याख्येत तो निर्वासित नाही. भूक त्या पाच कारणांत नाही, युद्धही नाही.

युद्धाची ही पोकळी युरोपनं वेगळ्या तरतुदीनं भरली. तिला दुय्यम संरक्षण म्हणता येईल. निवडून कोणी तुमच्यामागे नसलं, तरी परत पाठवल्यास सरसकट हिंसाचारात जीव जाण्याचा गंभीर धोका असेल, तर राहू द्यायचं. २०२१ पूर्वी हजारो अफगाणांना युरोपात हेच मिळत असे. मग युद्ध संपलं. बाँबस्फोट कमी झाले, रस्त्यावरच्या चकमकी थांबल्या, आणि आश्रय अधिकारी सांगू लागले की सरसकट हिंसाचार आता पूर्वीइतका नाही, सबब संरक्षण नाही. ज्यांच्या भीतीनं माणूस पळाला ते सत्तेवर बसले, आणि त्यांच्या सत्तेमुळे आलेली शांतता त्याच्याच अर्जाच्या विरोधात पुरावा ठरली. ब्रिटनमध्ये २०२३ साली अफगाणांचे जवळपास सगळे अर्ज मंजूर होत होते. २०२५ मध्ये ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं.

तालिबाननं सगळ्यांना माफी जाहीर केली होती, हेही नकारपत्रांत वाचायला मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तानातल्या मिशननं ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल काढला. १५ ऑगस्ट २०२१ ते ३० जून २०२३ या काळात माजी सरकारी कर्मचारी आणि सैनिकांच्या किमान २१८ बेकायदा हत्यांची नोंद त्यात आहे. माफीनंतरच्या हत्या आहेत या. तरीही वकिलाला हे दाखवून भागत नाही. २१८ जण मेले हे खरं, पण तुमच्या अशिलावर तीच वेळ येईल हे कशावरून, हा प्रश्न पुढ्यात असतोच.

बोटांचे ठसे आणि अथेन्समधली बाग

युरोपात पोचल्यावर पहिला प्रश्न असतो, अर्ज कोणत्या देशानं ऐकायचा. डब्लिन नियमानुसार, नातेवाईक वगैरे अपवाद सोडले तर जिथून तुम्ही युरोपीय संघात पहिल्यांदा शिरलात तो देश जबाबदार. तिथे बोटांचे ठसे घेतात आणि ते युरोडॅक नावाच्या सामायिक यंत्रणेत जातात. पुढे जर्मनीत अर्ज करा किंवा बेल्जियममध्ये, ठसा जुळला की परत पाठवणी. अफगाणांच्या वाटेवर पहिला देश बहुधा ग्रीस किंवा बल्गेरिया, म्हणजे ज्यांच्याकडे सोय सगळ्यात कमी त्यांच्यावर भार सगळ्यात जास्त.

या नियमाला सगळ्यात मोठा धक्का दिला तो एका अफगाण दुभाष्यानंच. न्यायालयाच्या कागदांत त्याचं नाव फक्त 'एम.एस.एस.' असं आहे. काबूलमध्ये परदेशी हवाई दलाच्या जवानांसाठी तो दुभाष्याचं काम करायचा. त्याबद्दल तालिबाननं आपल्याला मारण्याचा प्रयत्न केला, असं त्याचं म्हणणं. २००८ मध्ये तो इराण आणि तुर्कस्तानमार्गे ग्रीसमध्ये आला, तिथे त्याचे ठसे घेतले गेले. बेल्जियन सैनिकांशी ओळख झाली होती, माणसं चांगली वाटली होती, म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये त्यानं बेल्जियम गाठून अर्ज केला. यंत्रानं ठसा जुळवला आणि जूनमध्ये बेल्जियमनं त्याला अथेन्सला धाडलं. उतरताक्षणी विमानतळाजवळच्या कोठडीत, छोट्या जागेत वीसेक माणसांबरोबर. तिथून सुटल्यावर अथेन्समधल्या एका बागेत मुक्काम. ग्रीसमध्ये तेव्हा पहिल्या टप्प्यावर आश्रय मिळण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं.

२१ जानेवारी २०११ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं निकाल दिला. ग्रीस दोषी, त्यानं माणसाला अवमानकारक स्थितीत ठेवलं. आणि बेल्जियमही दोषी. हा दुसरा भाग महत्त्वाचा. ग्रीसमध्ये काय चालतं हे बेल्जियमला माहीत होतं, निदान माहीत असायला हवं होतं. 'नियमाप्रमाणे पाठवलं' एवढं म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालयानं ठरवलं. त्यानंतर बरीच वर्षं ग्रीसकडची परत पाठवणी जवळजवळ बंद होती. मूळ नियम मात्र राहिला. युरोपनं २०२४ मध्ये स्थलांतर आणि आश्रयाचा नवा करार मंजूर केला, तो लागू करण्यासाठी जून २०२६ ठरवला, आणि पहिल्या देशाची जबाबदारी त्यातही शिल्लक आहे.

ग्रीसनं आपली मान सोडवायला दुसरी युक्ती काढली. जून २०२१ मध्ये त्यानं अफगाणांसह पाच देशांच्या लोकांसाठी तुर्कस्तान हा 'सुरक्षित तिसरा देश' जाहीर केला. अफगाणिस्तानात काय झालं हे ऐकायचंच नाही. तुर्कस्तानात का राहिला नाहीस एवढंच विचारायचं आणि मूळ अर्ज तपासण्याआधीच बाद करायचा. आता गंमत पाहा. तुर्कस्ताननं १९५१ चा करार मान्य केला तो एक अट ठेवून : पूर्ण निर्वासित फक्त युरोपातून आलेला माणूस. अफगाण माणसाला तिथे फार तर 'सशर्त निर्वासित' म्हणतात, म्हणजे तिसरा देश मिळेपर्यंत थांब. शिवाय मार्च २०२० पासून तुर्कस्तान ग्रीसकडून कोणाला परत घेतच नव्हता. म्हणजे अर्ज इथे ऐकायचा नाही आणि माणूस तिकडे जात नाही, अशी मधलीच अवस्था. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की तो देश प्रत्यक्षात माणसाला परत घेणार नसेल तर त्या कारणावरून अर्ज बाद करता येणार नाही. हे कोर्टात जाऊन सांगून घ्यावं लागलं, यातच सगळं आलं.

जाळलेले कागद

समजा अर्ज ऐकायला घेतला. आता पुरावा.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधल्या असंख्य घरांत लोकांनी कागद जाळले. परदेशी कंपनीचं ओळखपत्र, लष्करी अधिकाऱ्यानं दिलेलं प्रशस्तिपत्र, एनजीओची पगारपत्रकं. परदेशी सैनिकांबरोबरचे फोटो फोनमधून पुसले, फेसबुक खाती बंद केली. झडतीत यातला एखादा कागद सापडला तर जीव जाऊ शकत होता. सहा महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी तोच माणूस आश्रय अधिकाऱ्यापुढे बसतो, आणि अधिकारी नेमका तोच कागद मागतो. अमेरिकेच्या विशेष स्थलांतर व्हिसासाठी तर तुमच्या त्या वेळच्या वरिष्ठाचं पत्र लागायचं. ज्या ठेकेदार कंपनीत काम केलं ती बंद पडलेली, वरिष्ठ निवृत्त होऊन कुठे गेला ठाऊक नाही.

मग उरतो तझकिरा, म्हणजे अफगाण ओळखपत्र. जुन्या कागदी तझकिऱ्यावर जन्मतारीख नसतेच. 'अमुक साली दिसण्यावरून वय सहा वर्षं' अशी नोंद असते. साल असतं हिजरी सौर पंचांगातलं. ते वर्ष २० किंवा २१ मार्चला सुरू होतं, त्यामुळे इसवी सन काढताना महिन्यानुसार कधी ६२१ मिळवावे लागतात तर कधी ६२२. १३८६ च्या शेवटच्या महिन्यात जन्मलेला मुलगा खरा २००८ चा. कारकुनानं डोळे मिटून ६२१ मिळवले तर तो २००७ चा होतो. एक वर्षानं काय बिघडतं? सतरा वर्षांचा मुलगा अठराचा झाला, की बालगृहाऐवजी प्रौढांच्या छावणीत जातो, मिळणारा कायदेशीर पालक जातो, आईवडिलांना बोलावण्याचा हक्क धोक्यात येतो. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून असतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. अफगाणांच्या परदेशी कागदांवर तसाच १ जानेवारी असतो, पण तिथे त्यावरून 'हा माणूस खोटं बोलतो' असा निष्कर्ष निघू शकतो.

कागद नसले की सगळा भार तोंडी जबाबावर येतो. मुलाखत दुभाष्यामार्फत होते. दरी, म्हणजे अफगाण फारसी बोलणाऱ्याला इराणी फारसीचा दुभाषी मिळतो, हजारा लोकांची हजारगी बोलणाऱ्याला काबूलची दरी बोलणारा. शब्द सारखे, अर्थ थोडे इकडे-तिकडे. बऱ्याच देशांत आधी एक छोटी मुलाखत होते आणि काही महिन्यांनी मोठी. पहिल्या वेळी, प्रवासानं शिणलेला असताना, माणूस म्हणतो 'रात्री तिघं आले'; दुसऱ्या वेळी म्हणतो 'चार-पाच जण होते'. नकारपत्रात ही विसंगती पहिल्या परिच्छेदात येते. घाबरलेल्या माणसाची आठवण कशी तुटक असते यावर संशोधनाची कपाटं भरली आहेत, पण निर्णयपत्राचा साचा बदलायला कोणाला घाई नाही.

बायकांसाठी उघडलेलं दार

तुर्कस्तानबद्दलचा तो निकाल आला त्याच ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं आणखी एक निकाल दिला, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतला अफगाणांच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार निकाल आहे. ऑस्ट्रियातल्या दोन अफगाण स्त्रियांचं प्रकरण होतं. न्यायालय म्हणालं, की तालिबानचे निर्बंध एकत्र धरले, म्हणजे शिक्षणबंदी, नोकरीबंदी, बाहेर पडण्यावर बंधन, चेहरा झाकण्याची सक्ती, तर तो छळच होतो. आणि अफगाण स्त्रीचा अर्ज तपासताना देशाला फक्त दोन गोष्टी पाहून निर्णय देता येईल : ती अफगाण आहे आणि ती स्त्री आहे. 'तुम्हीच का' हा प्रश्न तिच्यापुरता बाजूला ठेवता येतो. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडनं हे धोरण आधीच धरलं होतं.

मात्र निकालाचा फायदा युरोपात पोचलेल्या बाईला. तालिबानच्या नियमानुसार ७२ किलोमीटरपलीकडच्या प्रवासाला तिच्यासोबत मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक हवा. ज्या कारणासाठी तिला आश्रय मिळू शकतो, तेच कारण तिला घराबाहेर पडू देत नाही. म्हणून बहुतेक वेळा नवरा किंवा भाऊ आधी जातो आणि मग कुटुंबाला बोलावतो. ती वाटही आता अरुंद झाली आहे. जर्मनीनं जुलै २०२५ मध्ये दुय्यम संरक्षण मिळालेल्यांचं कुटुंब आणणं दोन वर्षांसाठी थांबवलं, ब्रिटननं सप्टेंबर २०२५ मध्ये निर्वासितांच्या कुटुंबांचे नवे अर्ज बंद केले. शिवाय मशिदीत झालेल्या निकाहचा सरकारी कागद कुठून आणायचा, हा प्रश्न आहेच.

सगळेच पीडित सरळ रेषेत बसत नाहीत, हेही सांगायला हवं. कराराचं कलम १ फ युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे केलेल्यांना निर्वासित मानत नाही, आणि ते रास्तच आहे. पण रेषा कुठे ओढायची? नेदरलँड्सनं २००० पासून बरीच वर्षं, अफगाणिस्तानातल्या जुन्या कम्युनिस्ट राजवटीच्या 'खाद' या गुप्तचर खात्यातला प्रत्येक अधिकारी छळात सामील होता असंच गृहीत धरलं. आश्रय नाकारला, पण अफगाणिस्तानात छळाचा धोका असल्यानं परतही पाठवता येईना. असे लोक वर्षानुवर्षं विनापरवाना, विनानोकरी तिथेच राहिले. अमेरिकेत दहशतवादी संघटनेला 'भौतिक मदत' केलेल्याला बंदी आहे, आणि कायद्याच्या शब्दांत तालिबानच्या नाक्यावर जबरदस्तीनं दिलेला टोलसुद्धा मदत ठरू शकत होता. जून २०२२ मध्ये अमेरिकी सरकारला त्यासाठी खास सवलत जाहीर करावी लागली.

ज्यांनी शब्द दिला होता

अमेरिका आणि मित्रदेशांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १ लाख २० हजारांहून जास्त लोकांना विमानानं बाहेर काढलं. त्यातले सुमारे ७६ हजार अफगाण अमेरिकेत पोचले, बहुतेक 'ह्युमॅनिटेरियन पॅरोल'वर. पॅरोल म्हणजे दोन वर्षं राहायची मुभा. त्यातून आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाही. त्यांना कायमचा दर्जा देणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आणि अडकलं. म्हणून सरकारनंच विमानात बसवून आणलेल्या माणसांना त्याच सरकारकडे आश्रयाचा अर्ज करून, आम्हाला धोका आहे हे सिद्ध करत बसावं लागलं. मग जानेवारी २०२५ मध्ये निर्वासित पुनर्वसन कार्यक्रम थांबला, जूनमध्ये प्रवासबंदीच्या यादीत अफगाणिस्तान आलं, जुलैमध्ये अफगाणांचा तात्पुरता संरक्षित दर्जा संपवला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळीबार झाला. आरोपी अफगाण होता. त्यानंतर सरकारनं अफगाण नागरिकांच्या सगळ्याच अर्जांचं काम थांबवलं. एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा आधीच अनेकदा तपासणी झालेल्या हजारो जणांना.

ब्रिटनची गोष्ट निराळीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्याच्या हातून सुमारे १९ हजार अर्जदारांची यादी फुटली. ब्रिटिशांना मदत केली म्हणून आश्रय मागणाऱ्यांची नावं! सरकारला हे २०२३ मध्ये कळलं, आणि त्यानं न्यायालयाकडून असा मनाई हुकूम मिळवला, की फुटलेली यादीच काय, हुकूम आहे हेसुद्धा कोणी छापायचं नाही. १५ जुलै २०२५ ला तो उठला तेव्हा जगाला कळलं. त्याच्या दोन आठवडे आधीच ब्रिटननं अफगाणांसाठीच्या दोन्ही पुनर्वसन योजना नव्या अर्जांसाठी बंद केल्या होत्या.

जर्मनीनं ऑक्टोबर २०२२ मध्ये महिन्याला १ हजार जणांना आणण्याचा कार्यक्रम जाहीर केला. २०२५ च्या नव्या सरकारनं तो थांबवला, तेव्हा लेखी हमी मिळालेले दोन हजारांहून जास्त लोक इस्लामाबादच्या अतिथिगृहांत वाट पाहत होते. त्यातली कायद्याची एक प्राध्यापिका कुटुंबासह बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं सरकारला सुनावलं : नवे शब्द देऊ नका हवं तर, पण दिलेला शब्द कायद्यानं बांधतो, व्हिसा द्या. याच महिन्यात जर्मनीनं कतारच्या मदतीनं ८१ अफगाणांना, गुन्हेगारी प्रकरणांत सापडलेले म्हणून, काबूलला परतही पाठवलं.

शेजारी

युरोप-अमेरिकेची चर्चा जास्त होते, पण बहुतेक अफगाण निर्वासित आहेत इराण आणि पाकिस्तानात. पाकिस्ताननं १९५१ चा करार सहीच केलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यानं विनाकागद परदेशी लोकांना १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडायला सांगितलं. नंतर पाकिस्ताननंच दिलेल्या 'अफगाण सिटिझन कार्ड'वाल्यांची पाळी आली, आणि ३० जून २०२५ नंतर नोंदणीच्या पुराव्याचं कार्ड असलेल्यांचीही. ते कार्ड दशकानुदशकं तिथे राहिलेल्यांकडे होतं, त्यातले कित्येक पाकिस्तानातच जन्मलेले. इराणनं करार मान्य केला आहे, तरी २०२५ मध्ये तात्पुरत्या मुक्कामासाठी दिलेल्या शिरगणतीच्या पावत्या रद्द करून ६ जुलैची मुदत दिली. त्या एका वर्षात दोन्ही देशांतून २० लाखांहून जास्त अफगाण परत गेले किंवा घालवले गेले. ज्यांची जर्मनी-अमेरिकेची फाईल इस्लामाबादेत अडकली होती, त्यांच्यासाठी वाट पाहणं हाच धोका झाला.

भारतही या करारात नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्यानं घेतली, पण निर्वासित हा वेगळा वर्ग त्यातही नाही. दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय अफगाणांना कार्ड देतं. लाजपतनगर-भोगलमध्ये त्या कार्डावर थोडंफार निभावतं, नोकरीचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. कॅनडाला पुनर्वसन मंजूर झालं तरी भारत सोडायला पुन्हा एक्झिट परमिट लागतं. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाण हिंदू-शीख येतात, पण ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेलेच; २०२१ मध्ये आपल्याच विमानानं काबूलहून आणलेले शीख त्या तारखेमुळे बाहेर राहिले. त्यांना सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं विनाकागद राहण्याच्या शिक्षेतून सूट दिली, नागरिकत्व नव्हे. मुसलमान अफगाणांना यातलं काहीच नाही.

पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं येत आले आहेत, बरेचसे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. २५ ऑगस्ट २०२१ रोजी भारतानं देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा एका फटक्यात रद्द केले. सुट्टीत किंवा कोविडच्या काळात घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. जे पुण्यात होते त्यांची पदवी संपत आली आणि स्टुडंट व्हिसाही. नवा अभ्यासक्रम घेतला तरच मुक्काम वाढायचा. शिक्षणाची हौस म्हणून नव्हे, कायद्यानं दुसरी वाट ठेवली नाही म्हणून दुसरी-तिसरी पदवी करणारे यातूनच तयार झाले.

आणि शिक्षणाचा असो वा कशाचा, व्हिसा वाढवायचा तर पासपोर्ट चालू हवा. जुन्या गणराज्याचे राजदूत होते तोवर अडचण नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी दिल्लीतला अफगाण दूतावास बंद केल्याचं जाहीर केलं. मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबाननं आपला माणूस नेमला. युरोपातल्या जुन्या राजवटीच्या अनेक दूतावासांचे कागद आपण मानत नाही, असं तालिबाननं जुलै २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. आता ज्याच्या राजवटीला भिऊन आश्रय मागायचा त्याच्याच खिडकीपाशी जाऊन नाव, पत्ता, वडिलांचं गाव लिहून द्यायचं. निर्वासित करारात एक कलम असंही आहे, की आपल्या देशाचं संरक्षण कोणी आपणहून पुन्हा घेतलं तर त्याचं निर्वासितपण संपू शकतं, आणि पासपोर्टचं नूतनीकरण ही त्यातली नेहमीची खूण मानतात. म्हणजे मुंबईत आज पासपोर्ट नवा केला नाही तर इथला मुक्काम बेकायदा. केला, तर उद्या कॅनडाच्या किंवा जर्मनीच्या मुलाखतीत समोरचा अधिकारी विचारणार : एवढी भीती होती, तर त्यांच्या दारात कसे गेलात?